कॉलेज आइस हॉकीत असिस्टंट कोच व्हायचंय? कामाचं स्वरूप, वाट आणि खाचखळगे

असिस्टंट कोचला नोकरी मिळते ती खेळाच्या ज्ञानावर. पण ती टिकते आणि पुढे सरकते ती त्याच्या नावावर असलेल्या एका ठरावीक जबाबदारीवर. पेनल्टी किल (शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असतानाचा बचाव), बचावपटू, गोलकीपर किंवा एखाद्या भागातलं रिक्रूटिंग (नवे खेळाडू मिळवणं) यांपैकी काहीतरी एक पूर्णपणे तुमचं असलं पाहिजे. ‘सगळ्यात थोडी थोडी मदत करतो’ असं सांगणारा कोच पाच वर्षांनीही तिथेच उभा असतो. या लेखातला प्रत्येक सल्ला याच मुद्द्याकडे येतो, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

कुठे काम मिळतं

अमेरिकेत कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पुरुषांचे साठहून थोडे अधिक आणि महिलांचे चाळीसहून थोडे अधिक संघ आहेत. पुरुषांचे बहुतेक संघ सहा कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत: हॉकी ईस्ट, ईसीएसी, बिग टेन, एनसीएचसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. हॉकीची एक गंमत अशी की क्लार्कसन किंवा कोलोरॅडो कॉलेजसारख्या छोट्या संस्था बाकीच्या बहुतेक खेळांत डिव्हिजन थ्रीमध्ये असतात, पण हॉकीत मिशिगन आणि मिनेसोटाच्या पंक्तीला बसतात. त्यामुळे संस्थेच्या आकारावरून तिथल्या हॉकीचा दर्जा ठरवू नका.

डिव्हिजन थ्रीमध्ये संघ जास्त आहेत आणि नोकऱ्याही. तिथे खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही. असिस्टंटचं पद बरेचदा अर्धवेळ असतं किंवा दुसऱ्या कामाला जोडलेलं असतं: रिंकचं वेळापत्रक, साहित्याची खोली, प्रवेश विभाग. हे दुय्यम समजून सोडू नका. डिव्हिजन थ्रीमध्ये पहिल्याच वर्षी पूर्ण पेनल्टी किल हातात येऊ शकतो. मोठ्या संघात त्यासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं.

तिसरी जागा म्हणजे एसीएचए, १९९१ मध्ये सुरू झालेली क्लब हॉकीची संघटना. तिचे संघ विद्यापीठाच्या नावानेच खेळतात, पण एनसीएएच्या चौकटीबाहेर. पैसे कमी, कधीकधी शून्य. पण ज्याच्यामागे खेळाडू म्हणून नाव नाही, त्याला बाकामागे उभं राहायची संधी इथे सगळ्यात लवकर मिळते.

खेळाडू म्हणून नाव नसेल तर

बहुतेक असिस्टंट कोच स्वतः कॉलेजात खेळलेले असतात. तरीही वाट बंद नाही. डेन्व्हरच्या डेव्हिड कार्लचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. २००८ मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (खेळाडू-निवडीच्या) आधीच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा आजार उघड झाला आणि कॉलेजात एकही सामना न खेळता त्याची कारकीर्द संपली. डेन्व्हरने त्याची शिष्यवृत्ती कायम ठेवली आणि तो संघाचा विद्यार्थी-कोच झाला. नंतर यूएसएचएल या अमेरिकेतल्या ज्युनियर लीगमधल्या ग्रीन बे गँबलर्समध्ये दोन वर्षं असिस्टंट, मग डेन्व्हरलाच चार वर्षं असिस्टंट, आणि २०१८ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी हेड कोच. २०२२ आणि २०२४ ची राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या हाताखाली आली.

यातला क्रम लक्षात घ्या: विद्यार्थी मदतनीस, ज्युनियर लीग, कॉलेज असिस्टंट. आजही हाच क्रम सगळ्यात भरवशाचा आहे.

विद्यार्थी असतानाच पहिलं पाऊल टाका. हॉकी ऑफिसात जाऊन हेड कोचऐवजी डायरेक्टर ऑफ हॉकी ऑपरेशन्सला भेटा. मदतनीसांची गरज त्यालाच असते. ‘मला कोच व्हायचंय’ हे वाक्य त्याच्या काही उपयोगाचं नाही. ‘घरच्या सगळ्या सामन्यांचे फेसऑफ मी कोडिंग करून रात्री अकरापर्यंत पाठवीन’ असं म्हणा. फेसऑफ म्हणजे पंचाने दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करणं. कोणत्या वर्तुळात, कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या हाताने, पक कुठे गेला, एवढे पाच रकाने पुरतात. सलग आठ आठवडे एकही रात्र न चुकवता ते पाठवलं की तुम्ही त्या ऑफिसचा भाग झालेले असता. व्हिडिओचं सॉफ्टवेअर (बहुतेक ठिकाणी स्पोर्ट्सकोड किंवा कॅटापल्टचं) याच काळात बोटाखाली बसवून घ्या.

पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट हे पद शोधा. फी माफ, थोडा भत्ता, साधारण दोन वर्षं. सोबत यूएसए हॉकीचं कोचिंग सर्टिफिकेट घ्या. त्याचे पाच स्तर आहेत. कॉलेजच्या नोकरीला ते लागतंच असं नाही, पण उन्हाळी शिबिरांत आणि लहान मुलांच्या संघांवर काम करायला लागतं. मोठ्या संघाचे पगार ज्यांना नाहीत त्यांचं घर बरेचदा त्याच कमाईवर चालतं.

पूर्वी पगाराविना ‘व्हॉलंटियर कोच’ म्हणून शिरता यायचं. १ जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनमध्ये ती सोय एनसीएएने बंद केली. जुने लोक अजूनही हा सल्ला देतात. तो आता चालत नाही.

आठवडा कसा जातो

पुरुषांचा मोसम ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतो, नियमित सामने जास्तीत जास्त ३४, आणि आयव्ही लीगच्या संस्था २९ वरच थांबतात. सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, एकाच प्रतिस्पर्ध्याशी. त्यामुळे आठवड्याची लय पक्की असते: रविवारी किंवा सोमवारी सुटी, सोमवार-मंगळवारी मागच्या सामन्यांचा व्हिडिओ, मंगळवार-बुधवारी कडक सराव, गुरुवारी पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू कमी असतानाचा हल्ला) आणि पेनल्टी किल, शुक्रवारी सकाळी हलकं स्केटिंग आणि संध्याकाळी सामना.

नियम असा की मोसमात खेळाडूंकडून आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि एक पूर्ण दिवस सुटी द्यायची. व्हिडिओची बैठकही या तासांत धरली जाते. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीन तासच मोजतात. मोसमाबाहेर मर्यादा आठ तासांची. ही नोंदवही भरायचं काम हमखास सगळ्यात कनिष्ठ असिस्टंटकडे येतं. ती रोजच्या रोज भरा. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली वही खेळाडूंनी दिलेल्या माहितीशी जुळत नाही, आणि मग चौकशीत उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

*प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ.* त्यांचे शेवटचे तीन सामने पूर्ण पाहा. एक तरी त्यांनी हरलेला असावा, कारण संघ कुठे फाटतो ते हरताना दिसतं. तुकडे कापताना असे कप्पे करा: स्वतःच्या भागातून बाहेर पडणं, फोरचेक (समोरच्याच्या भागातच दबाव टाकणं), मधला पट्टा, पॉवर प्ले, पेनल्टी किल, फेसऑफ, गोलकीपरच्या सवयी, आणि गोलकीपर काढून सहा विरुद्ध पाच. यातून खेळाडूंना दाखवायचे फक्त बारा तुकडे, प्रत्येकी आठ ते पंधरा सेकंद, सगळं मिळून आठ मिनिटं. तुकडा घटनेच्या तीन सेकंद आधी सुरू करा, म्हणजे खेळाडूला ‘हे कशामुळे झालं’ दिसेल. नवखा कोच तीस तुकडे दाखवतो, कारण कापायला सहा तास लागलेले असतात आणि ते वाया घालवायला जीव होत नाही. खेळाडूंच्या डोक्यात मात्र त्यातलं काही राहत नाही. उरलेले अठरा ऑफिसात ठेवा. ज्याला हवं तो येऊन पाहतो.

दुसरी चूक म्हणजे समोरच्याची फक्त ताकद दाखवणं. बारापैकी निदान पाच तुकड्यांत त्यांना कसं हरवता येतं ते दिसलं पाहिजे.

पेनल्टी किलची बैठक वेगळी घ्या, तीही फक्त पेनल्टी किलला उतरणाऱ्या खेळाडूंची. तिथे प्रश्न बारीक असतात. समजा त्यांचा पॉवर प्ले १-३-१ (एक मागे, तिघे मधल्या ओळीत, एक गोलसमोर) आहे आणि हल्ल्याच्या दिशेने पाहता डाव्या वर्तुळात उजव्या हाताने मारणारा उभा आहे. तो पक न थांबवता थेट मारणार, म्हणजे धोका त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या आडव्या पासात आहे. मग विरुद्ध बाजूच्या फॉरवर्डची स्टिक त्या पासाच्या रेषेत बर्फावर टेकलेली हवी, शरीर शॉटच्या रेषेत असो वा नसो. हे सांगताना व्हिडिओ थांबवा आणि स्टिकच्या पात्यावर बोट ठेवा. ‘लेन बंद करा’ असं मोघम सांगितलं की चारही जण वेगवेगळी लेन बंद करतात आणि मधोमध भोक पडतं.

*सराव.* बर्फावरची ६० ते ७५ मिनिटं सोन्याच्या भावाची असतात. पंधरा मिनिटं आधी उतरून पकचे ढीग कुठे हवेत तिथे लावा. सहा ते आठ मिनिटांचा एक ड्रिल, बोर्डापाशी समजावणं तीस सेकंदांत. रांगेत चारपेक्षा जास्त जण उभे दिसले तर ड्रिल चुकीचा आखला आहे. दोन्ही टोकांना एकाच वेळी चालवा. पहिली पाच मिनिटं गोलकीपरला लांबून, छातीखालचे शॉट मिळतील असं बघा. थंड शरीरावर जवळून वरच्या कोपऱ्यात मारायला लावलं तर मांडीचा स्नायू जातो आणि गोलकीपरचा विश्वासही. कठड्यालगत सुटा पडलेला पक हा घोटा मोडायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. ड्रिल बदलताना ते गोळा करणं असिस्टंटचं काम. आणि स्वतः हेल्मेट घाला. कोचला पाठीमागून येणारा पक दिसत नाही.

*बाकामागे.* एक असिस्टंट बचावपटूंचं दार सांभाळतो. सहा जण, तीन जोड्या, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट. खिशात एक छोटं कार्ड ठेवा: जोड्या, कोण डाव्या-उजव्या हाताचा, पेनल्टी किलच्या जोड्या, शेवटच्या मिनिटाची जोडी. पुढची जोडी आधीच मोठ्याने सांगा; दार उघडताना सांगितलेलं नाव उशिरा पोचतं आणि बर्फावर गोलकीपर सोडून सहा जण होऊन दोन मिनिटांची पेनल्टी बसते.

दुसरा पीरियड वेगळा जातो. बाजू बदलल्यामुळे स्वतःचा बचावाचा भाग बाकापासून लांब पडतो. दमलेल्या बचावपटूला परत यायला अर्धी रिंक ओलांडावी लागते, आणि त्या वेळात समोरचा संघ मोकळा सुटतो. या पीरियडमध्ये नियम एकच ठेवा: पक समोरच्याच्या भागात खोल गेल्याशिवाय बचावपटूंनी बदलायचं नाही. आइसिंग (मधल्या रेषेच्या अलीकडून मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपार जाणं) झालं की दोषी संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दुसऱ्या पीरियडमधल्या लांब शिफ्टांचा शेवट बहुतेक असाच होतो, आणि तिथून गोल बसतो.

टॅब्लेट ज्याच्या हातात असेल त्याने ऑफसाइड किंवा गोलकीपरला अडथळ्याबद्दल दाद मागायची का, हे पुढच्या फेसऑफच्या आत हेड कोचला सांगायचं असतं. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्या. दाद फेटाळली गेली तर टाइमआउट जातो, म्हणून खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा.

रिक्रूटिंग: कामाचा मोठा भाग

हेड कोच असिस्टंट निवडताना मनात एकच हिशेब करतो: हा माणूस मला खेळाडू आणून देईल का? म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

आधी फळा तयार करा. २०२५-२६ पासून, कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्याच्या तडजोडीत सामील झालेल्या संस्थांना हॉकीत जास्तीत जास्त २६ खेळाडू ठेवता येतात, आणि १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा त्यांना लागू नाही. २६ चा साधा हिशेब: १५ फॉरवर्ड, ८ बचावपटू, ३ गोलकीपर. फळ्यावर वर्षवार रकाने आखा आणि प्रत्येक नावापुढे हात लिहा. समजा पुढच्या वसंतात चार बचावपटू पदवी घेऊन जाणार, त्यांतले तिघे उजव्या हाताचे, आणि ड्राफ्ट झालेला एक जण लवकर व्यावसायिक करार करण्याची शक्यता आहे. म्हणजे गरज पाचाची, आणि त्यात निदान तीन उजव्या हाताचे. उजव्या हाताचे बचावपटू सगळीकडेच कमी. ही गोष्ट दोन वर्षं आधी फळ्यावर दिसली तर खेळाडू मिळतो. एप्रिलमध्ये कळली तर ट्रान्सफर पोर्टलमध्ये (संस्था बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) उरलेल्यांतून निवडावा लागतो.

खेळाडू कुठून येतात? यूएसएचएल, त्याखाली एनएएचएल आणि कॅनडातली बीसीएचएल या ज्युनियर लीग, न्यू इंग्लंडमधल्या प्रेप शाळा, आणि मिशिगनमधल्या प्लिमथ इथला यूएसए हॉकीचा राष्ट्रीय विकास कार्यक्रम. सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएचएलचा फॉल क्लासिक आणि मिनेसोटातल्या ब्लेनमध्ये एनएएचएलचा शोकेस भरतो. दोन-चार दिवसांत सगळे संघ एका छताखाली दिसतात. पूर्वी कॅनडाच्या ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या वरच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेला मुलगा कॉलेजसाठी अपात्र ठरायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती दारं उघडली. आता यूएसएचएलमधल्या वीस वर्षांच्या मुलाला दिलेली जागा कॅनडातून येणारा त्याच वयाचा, जास्त मुरलेला खेळाडू मागू शकतो. दिलेला शब्द पाळायचा की जागा बदलायची, हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात आहे. आमचं मत स्पष्ट आहे: शब्द दिला असेल तर पाळा. ज्युनियर लीगचे कोच एकमेकांशी रोज बोलतात, आणि एका मुलाला वाऱ्यावर सोडलं की त्या संघातून पुढची पाच वर्षं तुम्हाला खरं उत्तर मिळत नाही.

तारखा तोंडपाठ हव्यात. पुरुषांच्या हॉकीत खेळाडूशी रिक्रूटिंगचं बोलणं दहावीच्या, म्हणजे सोफोमोर वर्षाच्या १ जानेवारीपासून; तोंडी ऑफर आणि कॅम्पसभेट त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी मुलाने स्वतःहून फोन केला तरी बोलता येत नाही. चुकून उचलला गेला तर ‘नियमामुळे आता बोलता येणार नाही, तुझ्या कोचशी बोलतो’ असं सांगून ठेवा आणि त्याच दिवशी संस्थेच्या कंप्लायन्स (नियमपालन) ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाका. स्वतः कळवलेली किरकोळ चूक मिटते. दुसऱ्या कोणी कळवलेली चिकटते. बाहेर जाऊन रिक्रूटिंग करायचं तर नियमांची परीक्षा दरवर्षी पास व्हावी लागते. आणि हेही लक्षात ठेवा की एनसीएएतल्या संस्थेच्या क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्याला हॉकीवर पैज लावता येत नाही, कॉलेजच्याच नव्हे, एनएचएलच्या सामन्यावरही.

रिंकमध्ये सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोचा. पालकांपासून लांब, वरच्या कोपऱ्यात बसा. शेजारच्या वडिलांनी कोण आहात ते ओळखलं की पुढचा तास त्यांच्या मुलाबद्दल ऐकण्यात जातो. वॉर्म-अपमध्ये हात पाहा, सामन्यात पाय. नोंदीचा नमुना असा ठेवा:

तारीख, रिंक, प्रतिस्पर्धी. नाव, जन्मवर्ष, हात, उंची. कितव्या लाइनवर, पॉवर प्लेवर आहे का. पहिली तीन पावलं. अंगावर माणूस येत असताना पकचं काय करतो. पक गमावल्यावर पुढची दहा सेकंदं. बाकावर शेजाऱ्याशी कसा वागतो. निकाल: घ्या, पुन्हा पाहा, नको. पुन्हा पाहायची तारीख.

यातली ‘पक गमावल्यावरची दहा सेकंदं’ सगळ्यात जास्त सांगून जातात. मागे वळून कडक स्केटिंग करत परत येणारा मुलगा आणि पंचाकडे हात पसरून उभा राहणारा मुलगा, दोघांचे गोल सारखे असले तरी तिसऱ्या पीरियडमध्ये एक गोल वाचवायचा असताना कोच पहिल्यालाच पाठवणार आहे. एका सामन्यावर निकाल देऊ नका. निदान तीनदा पाहा, त्यातला एक बाहेरगावचा असावा, आणि एकदा दुसऱ्या असिस्टंटने तुमची नोंद न वाचता पाहिलेला असावा. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर तिसरा माणूस पाठवा. भांडू नका.

ऑफरआधी तीन फोन: त्याच्या कोचला, आधीच्या मोसमातल्या कोचला, आणि जमलं तर ज्या घरी तो राहतो त्या बिलेट कुटुंबाला. ज्युनियर हॉकीत मुलं घरापासून लांब परक्या कुटुंबात राहतात. ताट उचलून ठेवतो का, सकाळी स्वतः उठतो का, हे त्या घरातल्या बाईंना ठाऊक असतं, स्काउटला नसतं.

मार्कशीटही आधी मागा. डिव्हिजन वनसाठी १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान (४ पैकी) २.३ ची सरासरी लागते. दोन मोसम मागे लागून मिळवलेल्या मुलाचा गणिताचा एक विषय कमी निघाला की सगळं पाण्यात जातं, आणि हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही आणि प्रवेशाची चाळणी बारीक, त्यामुळे तिथे पहिल्या फोनआधीच मार्क पाहायचे.

मुलाशी बोलताना ‘तू पहिल्या लाइनवर खेळशील’ असं कधीही म्हणू नका. ‘सध्या आमच्याकडे तुझ्या जागेवर तिघे आहेत, त्यांतला एक पुढच्या वर्षी जातो’ एवढं सांगा. रकमेबद्दल हेड कोचच्या होकाराशिवाय अवाक्षर काढू नका. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही घेतली की खेळाडू पक्का व्हायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि आता संस्थेच्या आर्थिक मदतीच्या करारावरच सही असते. पालक अजूनही जुन्या कागदाबद्दल विचारतात. त्यांना फरक शांतपणे समजावून सांगा.

नोकरीचा अर्ज आणि करार

जागा मार्चअखेर ते जूनमध्ये निघतात. एक हेड कोच बदलला की तीन-चार ठिकाणची माणसं हलतात. फ्रोझन फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांची फेरी, एप्रिलमध्ये होतो, आणि त्यानंतर अमेरिकन हॉकी कोचेस असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन फ्लोरिडातल्या नेपल्सला भरतं. ही संघटना १९४७ पासूनची आहे. तरुण कोच तिथे रेझ्युमे वाटत फिरतात आणि त्या कागदांचं काही होत नाही. त्याऐवजी फेब्रुवारीतच पाच कोचना एकेक नेमका प्रश्न लिहून पाठवा, त्यांच्या पेनल्टी किलमधली एखादी हालचाल पाहून. अधिवेशनात मग ओळख काढावी लागत नाही.

अर्जासोबत जोडायचं ते एवढंच: एका पानाचं पत्र, एका पानाचा रेझ्युमे, तुमच्या जबाबदारीची तीन-चार पानांची टिपणं आकृत्यांसह, आणि पाच संदर्भ, ज्यांत एक तरी असा खेळाडू असावा ज्याला तुम्ही कमी खेळवलं होतं. मुलाखतीत बहुधा बोर्डापाशी बोलावतात. नऊ खेळाडूंची नावं आधी विचारून घ्या आणि त्यांच्याच संघावर बोला. स्वतःची व्यवस्था त्यांच्यावर लादणारा उमेदवार दहा मिनिटांत बाद होतो.

करार बहुधा एका वर्षाचा असतो आणि हेड कोच गेला की असिस्टंटही सहसा जातो. म्हणून सही करण्याआधी विचारा: हेड कोचच्या कराराची किती वर्षं उरली आहेत? त्याला काढलं तर मला किती महिन्यांचा पगार? आरोग्य विमा कोणत्या दिवसापासून? रिक्रूटिंगसाठी गाडी संस्थेची की मैलाप्रमाणे पैसे? उन्हाळी शिबिराच्या उत्पन्नातला वाटा किती? सरकारी विद्यापीठांचे पगार बहुतेक राज्यांत सार्वजनिक असतात. आधीच्या असिस्टंटला काय मिळत होतं ते पाहूनच बोलणीला बसा.

हेड कोच होणं हाच या कामाचा शेवट असं मानू नका. वर्षानुवर्षं असिस्टंट म्हणून केलेल्या कामासाठी कोचेस असोसिएशनचा टेरी फ्लॅनगन पुरस्कार आहे. तो बोलिंग ग्रीनच्या असिस्टंटच्या नावाने दिला जातो. आणि वाट बदलायची असेल तर महिलांच्या संघांकडेही पाहा: विस्कॉन्सिनचा मार्क जॉन्सन आधी तिथल्याच पुरुष संघाचा असिस्टंट होता, २००२ मध्ये महिला संघाचा हेड कोच झाला आणि २०२५ पर्यंत त्याच्या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत इनलाइन स्केट्सवर खेळलेल्यांना पकची जाण आणि पासचे कोन ओळखीचे असतात. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं. बर्फावर पातं आडवं घासून थांबतात, चाकांवरची सवय तिथे उपयोगी पडत नाही. खरा बर्फ हवा तर लडाख. भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यात लडाखच्या मुली होत्या. तिथल्या हिवाळी शिबिरात एक मोसम शिकवलेला अनुभव रेझ्युमेवर वेगळा उठून दिसतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि संघाबरोबरच्या बसप्रवासासह हे तास भराभर संपतात. ऑपरेशन्सच्या डायरेक्टरला हे पहिल्या दिवशीच सांगा. पदवीनंतरचं १२ महिन्यांचं ओपीटी (काम करायची परवानगी) तुमच्या विषयाशी जुळलं पाहिजे. म्हणून कोचिंग, किनेसिऑलॉजी किंवा स्पोर्ट मॅनेजमेंट घेतलेल्याचं काम सोपं होतं, संगणकशास्त्र घेतलेल्याचं अवघड. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत लागू नसते, पण ‘या पदाला ठरावीक विषयाचीच पदवी लागते’ हे सिद्ध करावं लागतं. कोचच्या जाहिरातीत बहुधा ‘कोणतीही पदवी’ लिहिलेलं असतं आणि अर्ज तिथेच अडतो. जाहिरातीचा मजकूर छापून ठेवा आणि होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा. ‘तोवर फुकट मदत कर’ असं कोणी म्हटलं तरी त्या कार्यालयाचं उत्तर हातात येईपर्यंत बर्फावर उतरू नका.